मिरचीवरचा आळ

जव्हारला एस.टी. डेपोकडून बाजारात चढताना डाव्या हाताला माझा दवाखाना होता. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे आणि दुकानदार मला ओळखत नाही, हे ठीकच आहे. मी लग्न होऊन तिथे आले ती नवऱ्याच्या नोकरीमुळे. तो तिथल्या कॉलेजात शिकवायचा. दोन-तीन वर्षांत बदली होईल म्हणून मी बाकडी साधीच घेतली होती. त्या बाकड्यांवर पुढे माणसांच्या दोन पिढ्या पोट धरून बसल्या.

पोट धरून हे मी शब्दशः सांगते आहे. बाजाराच्या दिवशी दवाखान्यात दहा माणसं असतील तर त्यातल्या सहाजणांचा हात पोटावर असे. वावर-वांगणीला कुपोषणाने बालकं दगावली, त्यानंतर आमच्या डोंगरात गाड्या फार यायच्या. मंत्री यायचे, पत्रकार यायचे, वजनकाटे यायचे. मुलांच्या पोटाची चौकशी सुरू झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मोठ्या माणसांच्या पोटाला मात्र कुणी विचारत नसे. ते आपले माझ्या बाकड्यावर येऊन बसत.

पोटाचा रोगी कसा तपासतात ते सांगते. पहिला प्रश्न, कुठे दुखतं? जो छातीच्या खळगीखाली एक बोट ठेवतो, त्याचं नीट ऐकावं. जो आख्खा तळवा बेंबीभोवती फिरवतो, त्याला आधी घरचं सगळं बरं आहे ना, ते विचारावं. दुसरा प्रश्न, उपाशीपोटी दुखतं की जेवल्यावर? तिसरा प्रश्न बहुतेक रोगी स्वतःच विचारतात आणि स्वतःच उत्तर देतात. तो म्हणजे, हे कुणामुळे झालं? ताप आला तर माणूस औषध मागतो. पोट दुखायला लागलं की तो आधी आरोपी शोधतो. कुणी म्हणे हॉटेलातला वडा, कुणी म्हणे नव्या विहिरीचं पाणी, एका आजोबांनी तर धाकट्या सुनेची नजर सांगितली होती. सून शेजारीच बसलेली.

माझा कंपाउंडर गणपत हा या बाबतीत समदर्शी होता. त्याच्या मते जगातल्या सर्व पोटांना एकच औषध, आणि ते म्हणजे इंजेक्शन. "बाई, गोळी दिली तर माणूस घरी जाऊन दुखणं विसरतो आणि गोळीही विसरतो. सुई विसरत नाही," असं तो म्हणे. मी इंजेक्शन नको म्हटलं की त्याचा चेहरा लग्नात जेवण न मिळालेल्या पाहुण्यासारखा होई.

या सगळ्या पोटांमध्ये मानाचं पोट होतं भोये गुरुजींचं.

गुरुजी जामसरकडे एका आश्रमशाळेवर मुख्याध्यापक होते. त्यांच्या आधी घरात कुणी शाळा पाहिली नव्हती. वडील भात आणि नागली पिकवून गेले, हा मुलगा शिकला, मास्तर झाला, आणि मग बोलताना छापील पुस्तकासारखाच बोलू लागला. बायको यमुनाबाई मोखाड्याकडच्या एका पाड्यावरची. त्या मात्र बोलायच्या ते आपल्या घरच्या बोलीच्या वळणाचं, थोडकं, आणि एकदाच.

"डॉक्टरबाई," गुरुजी म्हणायचे, "माझ्या जठरात अग्नी प्रज्वलित झाला आहे."

"कधीपासून?"

"विवाहापासून."

यमुनाबाई शेजारच्या बाकड्यावर बसून बाहेर रस्त्याकडे बघत.

गुरुजींचा आरोपी ठरलेला होता. यमुनाबाईंची मिरची. त्या माहेरच्या पद्धतीने खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी वाटायच्या, सुक्या बोंबलाचं कालवण करायच्या, आणि मिरची घालताना हात आखडता घ्यायच्या नाहीत. लग्नानंतर लवकरच गुरुजींच्या पोटात आग पडायला लागली आणि त्यांनी दोन गोष्टींची सांगड घातली. मग घरात मिरची कमी झाली. मग बंद झाली. आग काही कमी होईना. तेव्हा गुरुजींनी हळद, लसूण आणि शेवटी मीठ या सर्वांवर संशय घेतला. यमुनाबाई नवऱ्यासाठी पिठूळ पेज करायच्या आणि तीच स्वतःही प्यायच्या, कारण दोन माणसांच्या घरात दोन चुली कोण पेटवणार?

एवढ्यावर भागलं असतं तर ती घरची गोष्ट होती. पण गुरुजी आश्रमशाळेत मुलांच्या पंगतीला बसून जेवत. त्यामुळे शाळेच्या आमटीतलीही मिरची गेली. मुलं सुट्टीवरून परत येताना घरून चड्डीच्या खिशात तिखटाची पुडी आणत, आणि गुरुजींची पाठ वळली की ताटात चिमूट पडे. हे मला सांगितलं खुद्द शाळेच्या स्वयंपाकिणीने. तिचं दुखणं वेगळंच होतं. तिला आपल्या आमटीची लाज वाटायची.

मी गुरुजींना पित्त कमी करणाऱ्या गोळ्या देत असे. गोळ्या चालू तोवर बरं वाटे, बंद केल्या की महिनाभरात पुन्हा बाकड्यावर हजर. आम्हालाही कॉलेजात हेच शिकवलेलं होतं की चिंता, तिखट आणि जागरण यांनी पोटात आम्ल वाढतं आणि आम्लाने आतलं अस्तर सोलवटतं. पण नव्वदच्या दशकात वेगळंच ऐकू यायला लागलं. नाशिकला आम्हा डॉक्टरांची बैठक असे, तिथे पोटविकाराच्या एका तज्ज्ञांनी पडद्यावर एक जंतू दाखवला. स्क्रूसारखा पिळदार, शेपट्या असलेला. म्हणे हा जठरातच राहतो. ज्या आम्लात खिळा ठेवला तर गंजून जाईल, त्यात हा आपल्यापुरता आम्ल मारणारा रस तयार करून चिकट थराखाली मजेत संसार थाटतो. वर्षानुवर्षे तिथली सूज धुमसत राहते, आणि काहींना तिथेच पुढे जखम होते, तो अल्सर. परदेशातल्या एका डॉक्टरवर कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा त्याने हे जंतू पेल्यात घेऊन स्वतःच पिऊन टाकले आणि स्वतःचं पोट बिघडवून दाखवलं. हे ऐकून सभागृहातल्या जेवणाकडे कुणी लगेच वळलं नाही.

मी परत आल्यावर उत्साहाने ही बातमी गुरुजींना दिली. मला वाटलं, शिकलेला माणूस आहे, आनंद होईल.

गुरुजी ताठ झाले. "जंतू? माझ्या पोटात?"

"असू शकेल. आपल्याकडे पुष्कळांच्या पोटात असतो. बहुतेकांना तो त्रासही देत नाही. काहींनाच देतो."

"डॉक्टरबाई, मी आज इतकी वर्षं मुलांना जेवणापूर्वी हात धुवायला शिकवतो. माझ्या पोटात जंतू जाईल कसा?"

"तो बहुधा लहानपणीच शिरतो गुरुजी. पाण्यातून, उष्ट्यातून. तेव्हा तुम्ही मास्तर नव्हता."

त्यांना ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मिरची हा आरोपी त्यांना सोयीचा होता. मिरचीमुळे दुखणारा माणूस सोशीक ठरतो. जंतूमुळे दुखणारा नुसताच रोगी. मी नाशिकला जाऊन दुर्बिणीने तपासून घ्या म्हटलं. घशातून बारीक नळी पोटात घालतात, तिच्या टोकाला दिवा असतो, आतलं सगळं दिसतं.

"दुर्बीण ग्रहतारे बघण्यासाठी असते," गुरुजी म्हणाले आणि उठले. यमुनाबाई त्यांच्यामागे उठल्या. दारात थांबून त्यांनी हळूच विचारलं, "बाई, मिरचीनं नाय होत?"

"मिरचीनं आग वाढते. पण आग लावणारा दुसराच असावा, असं मला वाटतं."

त्यांनी मान हलवली आणि गेल्या.

भाताची झोडणी चालू होती त्या दिवसांतली पुढची गोष्ट. सकाळच्या एस.टी.ने दोघं आली. मी दुसऱ्या रोग्याचा कान बघत होते. गणपत आत येऊन म्हणाला, "बाई, गुरुजी भिंतीला धरून बसलेत." गणपत सुईचं नाव न काढता आला म्हणजे मामला गंभीर होता.

गुरुजी जुन्या कागदासारखे पांढरट दिसत होते. कपाळावर घाम. नाडी बघितली तर धावत होती, आणि रक्तदाब खाली उतरलेला. डोळ्याची पापणी ओढून बघितली, आत लाली नावालाही नव्हती.

"यांना चढावर दम लागतो चार दिसांपासून," यमुनाबाई म्हणाल्या. "काल विहिरीपाशी बसले ते उठेनात."

मला शंका आली. मी विचारलं, "गुरुजी, संडासला काळं होतं का?"

बाकड्यांवर त्यांच्या शाळेतल्या मुलांचे पालक बसले होते. एकजण तर शाळा समितीवरचा. गुरुजींनी तशाही अवस्थेत आवाज खाली आणला आणि म्हणाले, "वर्ण... श्याम आहे."

"काय?"

"शौचाचा. वर्ण. श्याम."

"डांबरासारखा?"

"उपमा योग्य आहे," गुरुजी म्हणाले आणि डोळे मिटले.

हे वाचून हसावं, मीही आता हसते. त्या क्षणी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. पोटात वरच्या भागात रक्तस्राव झाला की ते रक्त पचून खाली येतं ते डांबरासारखं काळं आणि चिकट. म्हणजे गुरुजींच्या जठराच्या आसपास कुठेतरी जखम होती आणि ती काही दिवसांपासून आतल्या आत वाहत होती. माझ्याकडे रक्त नव्हतं, दुर्बीण नव्हती. आणखी एकदा धार लागली असती तर माणूस माझ्या टेबलावरच गेला असता.

गुरुजींचे गुडघे दुखत, हे मला ठाऊक होतं. "गुडघ्यासाठी काही घेत होता का?" मी विचारलं.

उत्तर यमुनाबाईंनी दिलं. "दुकानातल्या पुड्या. दिसाला दोन-तीन. शाळेच्या कपाटात ठेवत. मना ठाऊक नाय असं त्यांना वाटतं, तर वाटू दे."

दुखणं मारणाऱ्या त्या पुड्या! आतून जंतूने पोखरायचं आणि वरून या पुड्यांनी खरवडायचं, मग जखम बोलणारच.

स्टँडवरची एक जीप मिळाली. मागच्या सीटवर गुरुजींना आडवं केलं, सलाइन लावलं, बाटली वरच्या दांडीला गणपतने आपल्या रुमालाने बांधली. मी पुढे, यमुनाबाई मागे गुरुजींचं डोकं मांडीवर घेऊन. जव्हार सुटलं, मोखाडा गेलं. तोरंगणच्या घाटात प्रत्येक वळणावर बाटली इकडून तिकडे झुले आणि मी मागे वळून नाडी बघे. ड्रायव्हर चांगला होता. हॉर्न वाजवायचा पण बोलायचा नाही.

घाटाच्या मध्यावर गुरुजींनी डोळे उघडले. त्यांना बहुधा वाटलं की आपली वेळ आली.

"यमुने," ते क्षीण आवाजात म्हणाले.

"हां."

"तुझ्या मिरचीबद्दल... मी तुला अंतःकरणापासून क्षमा केली आहे."

यमुनाबाईंनी पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाल्या, "आधी नाशकाला पोचा. मग बघू कोण कोणाला करतो ती."

ड्रायव्हरचे खांदे हलले. मीही खिडकीतून बाहेर बघितलं. बोटं मात्र नाडीवरून काढली नाहीत.

नाशिकच्या इस्पितळात सगळं भराभर झालं. रक्त चढवलं. नाडी जरा खाली आल्यावर दुर्बीण आत गेली. घशात मारलेल्या औषधामुळे आणि गुंगीमुळे गुरुजींना काही बोलता येईना. आमच्या ओळखीत ते पहिल्यांदाच गप्प होते. जठर संपतं तिथे, आतड्याच्या सुरुवातीला जखम सापडली. तिच्यातून वाहणं थांबलेलं होतं. जठराचं सगळं अस्तर सुजून लाल झालं होतं. तज्ज्ञांनी नळीतूनच एक बारीक चिमटा आत सरकवला, अस्तराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढला आणि एका पिवळ्या रंगाच्या लगद्यात टाकला.

"आता बघा," ते मला म्हणाले. "हा जंतू असेल तर पिवळ्याचं गुलाबी होईल."

मी यमुनाबाईंना आत बोलावलं. त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि त्या लगद्याकडे बघत उभ्या राहिल्या, दूध उतू जाईल म्हणून बघत राहावं तशा. कडेपासून रंग बदलायला लागला. बघता बघता पळसाच्या फुलासारखा तांबूस गुलाबी झाला.

"सापडला," डॉक्टर म्हणाले.

"हाच तो?" यमुनाबाईंनी विचारलं.

"हाच. आणि वर गुडघ्याच्या पुड्या."

"मिरची नाय?"

"नाही. मिरचीचा यात काही दोष नाही."

यमुनाबाईंनी पलंगाकडे बघितलं. गुरुजींचे डोळे अर्धवट मिटलेले होते. "डॉक्टरसाहेब," त्या म्हणाल्या, "ते जरा मोठ्यानं सांगा. आणि ते जागे झाले की परत सांगा."

डॉक्टरांनी दोन्ही वेळा सांगितलं. भला माणूस.

त्या जंतूवरचं औषध म्हणजे तीन गोळ्यांचं त्रिकूट. एक पोटातलं आम्ल कमी करणारी आणि दोन जंतू मारणाऱ्या. सकाळ-संध्याकाळ, दोन आठवडे, एकही न चुकवता. ऐकायला सोपं आहे. पण त्यातल्या एका गोळीने तोंडाला अशी चव येते की जणू जुना पितळी दिवा चाटला. मळमळतं. आणि मुख्य म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी आग थांबते, माणसाला वाटतं झालं की काम! इथेच आमच्या भागात औषधांचा घात होई. उरलेल्या गोळ्या मग शेजारच्या दुखऱ्या पोटाला, तिथून मामाच्या पोटाला, आणि जंतू सगळीकडे अर्धवट मार खाऊन अधिक कोडगा होऊन बसे.

गुरुजी घरी परतल्यावर तसंच झालं. आठवडाभरात निरोप आला की प्रकृती उत्तम आहे, सबब औषधयोजना समाप्त करीत आहे. मी गणपतला दवाखान्यात बसवलं आणि जामसरची एस.टी. पकडली.

"गुरुजी," मी म्हटलं, "वर्गात दंगा चालू आहे. तुम्ही छडी घेऊन आत गेलात. पुढच्या बाकांवरची पोरं गप्प झाली. मागच्या बाकांवरची अजून गप्प व्हायची आहेत, आणि तुम्ही छडी ठेवून बाहेर पडलात. पुढे काय होईल?"

गुरुजींनी विचार केला. "मागच्या बाकावरची मुलं वर्गाची सूत्रं हाती घेतील."

"आणि पुढच्या वेळी छडीला भितील?"

"मुळीच नाही." त्यांचा चेहरा गंभीर झाला. हा प्रश्न आता वैद्यकीय राहिला नव्हता, शिस्तीचा झाला होता. त्यांनी जागच्या जागी गोळी घेतली.

गोळ्यांच्या पट्ट्या मात्र यमुनाबाईंनी स्वतःकडे ठेवल्या, भाताच्या कणगीत खोल खुपसून. कारण पाड्यावरून माणसं येऊ लागली होती. "गुरुजींची नाशकाची गोळी एखादी द्या ना, पोटात गोळा येतो." यमुनाबाई प्रत्येकाला एकच सांगायच्या, "त्या गोळीआधी गळ्यात नळी घालतात." माणूस तेवढ्यावर परत जाई.

औषध पूर्ण झालं. महिना-दीड महिना जाऊ दिला आणि नाशिकला पुन्हा दुर्बीण घातली. या वेळी पिवळा लगदा पिवळाच राहिला. पुड्या बंद झाल्या, गुडघ्याला शेक सुरू झाला. आश्रमशाळेच्या आमटीत फोडणी परतली. स्वयंपाकीण मला भेटायला मुद्दाम बाजारात आली, डबाभर आमटी घेऊन. मी आणि गणपतने ती भाकरीशी खाल्ली आणि दोघांच्या नाकातून पाणी आलं. इतक्या वर्षांची कसर तिने एका दिवसात काढली होती.

मला वाटलं, प्रकरण मिटलं. मग एके दिवशी दोघं सहज म्हणून आली. गुरुजी खुशीत होते, गालांवर रंग होता. त्यांनी या जंतूचा अभ्यास करायचं मनावर घेतलं होतं, आणि त्यांच्याकडे प्रश्न होता.

"डॉक्टरबाई, हा जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो ना?"

"जातो. घरातल्या घरात जास्त. लहानपणी आईबापांकडून, भावंडांकडून. एका ताटातून, एका तांब्यातून."

"म्हणजे एका घरात..." गुरुजींची मान हळूहळू यमुनाबाईंकडे वळली. डोळ्यांत जुनी चमक आली. "म्हणजे हा माझ्याकडे हिच्यामार्फत आला असण्याची शक्यता..."

"गुरुजी," मी म्हटलं, "तसा तो तुमच्याकडून त्यांच्याकडेही गेला असेल. किंवा दोघांना आपापल्या लहानपणी मिळाला असेल. ते कुणालाच सांगता येणार नाही." आणि बोलता बोलता मी यमुनाबाईंकडे वळून सहज विचारलं, "तुम्हाला नाही ना कधी पोटात दुखत?"

त्या रस्त्याकडे बघत होत्या. तशाच बघत म्हणाल्या, "दुखतं की."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"कुठे?"

त्यांनी छातीच्या खळगीखाली एक बोट ठेवलं. एकच.

"कधीपासून?"

"झाली पुष्कळ वर्षं. पहाटे उपाशीपोटी जास्त. भाकरीचा तुकडा खाल्ला की थांबतं."

"मग सांगितलं का नाही कधी?"

यमुनाबाईंनी जरा विचार केला. तक्रारीचा सूर नव्हता, एखाद्याने वाटेचा पत्ता सांगावा तसं त्या म्हणाल्या, "बाई, आमच्या घरात एकाच पोटाला दुखायला जागा होती. तिथं गुरुजींचं बसलेलं."

दवाखान्यात तेव्हा चार-पाच माणसं होती. कुणी हसलं नाही. गणपत कापसाचा बोळा हातात घेऊन तसाच उभा राहिला.  मग गुरुजी उठले, मला म्हणाले, "नाशिकची पहिली गाडी किती वाजता आहे?" आणि उत्तर ऐकायला न थांबता डेपोकडे चौकशीला गेले.

यमुनाबाईंची दुर्बीण झाली. त्यांनी ती एवढ्या शांतपणे घालून घेतली की नाशिकच्या डॉक्टरांना आश्चर्य वाटलं. मला वाटलं नाही. अस्तराला सूज होती, जखम नव्हती. लगदा गुलाबी झाला. त्याच तीन गोळ्या, तेच दोन आठवडे. आता गुरुजी वेळेवर हातात गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभे राहत. मळमळ होते म्हणून त्यांनी बायकोला चुलीपाशी जायला बंदी केली. पाणी तेच भरू लागले, पेज तेच करू लागले. विहिरीवर बायका बघायच्या आणि हंडे भरायचं विसरायच्या.

मध्यावर एकदा यमुनाबाई एकट्या दवाखान्यात आल्या.

"त्रास होतोय का गोळ्यांचा?" मी विचारलं. "तोंड कडू पडत असेल."

"तेच कळत नाय बाई. गोळी कडू हाय का गुरुजींची पेज."

मी हसले. त्याही हसल्या. मग औषध संपायच्या बेताला पुन्हा आल्या, या वेळी काही काम आहे अशा बसल्या. पदराशी चाळा करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "बाई, अजून थोडे दिवस ही गोळी वाढवून नाय मिळणार?"

"का? अजून दुखतंय?"

"नाय. एकदम थांबलंय."

"मग?"

"गोळी संपली की गुरुजी पाणी भरायचे थांबतील."

मी डॉक्टर म्हणून पुष्कळ वर्षं काम केलं. दुखणं हटवण्यासाठी औषध मागणारे हजारो बघितले, दुखणं थांबल्यावरही औषध मागणारी ही एकच. गोळ्या वाढवणं शक्यच नव्हतं, त्या गोळ्या खेळायच्या नव्हेत. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मग मी माझा कागद पुढे ओढला, चष्मा लावला आणि गुरुजींना कळेल अशा त्यांच्याच भाषेत लिहिलं: औषधयोजना पूर्ण. तथापि जठराच्या अस्तरास पूर्ववत होण्यास अवधी लागतो. सबब रुग्णाने पुढील सूचनेपर्यंत विश्रांती घ्यावी. चूल व हंडा वर्ज्य. खाली सही केली आणि शिक्का दोनदा मारला.

तो कागद वैद्यकीयदृष्ट्या अगदीच खोटा नव्हता. अस्तराला खरंच वेळ लागतो. हंड्याचा आणि अस्तराचा संबंध मात्र कुठल्याही ग्रंथात सापडणार नाही.

पुढची सूचना मी कधी दिलीच नाही. कामात राहून गेलं, म्हणा. काही महिन्यांनी जामसरच्या बाजूला एका बाळंतिणीला बघायला गेले होते, परत येताना गुरुजींच्या घरावरून आले. यमुनाबाई ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. आत चुलीपुढे गुरुजी, डोळ्यांत धूर, कपाळाला नागलीचं पीठ. तव्यावर एक भाकरी होती. तिला गोल म्हणणं धाडसाचं झालं असतं.

"या डॉक्टरबाई," गुरुजी आतूनच म्हणाले. "पृष्ठभाग थोडा दग्ध झाला आहे, परंतु अंतर्भाग खाद्य असावा."

त्यांनी भाकरी बाहेर आणली, वर चटणी ठेवली आणि ताटली बायकोपुढे केली. यमुनाबाईंनी तुकडा मोडला, चटणीत बुडवला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिल्या. गुरुजी हात पुसत समोर उभे होते, तपासणीला साहेब आलेल्या शिक्षकासारखे.

"कशी झाली आहे?" त्यांनी विचारलं.

यमुनाबाईंनी घास गिळला. आधी माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"शिकाल, गुरुजी," त्या म्हणाल्या आणि दुसरा तुकडा मोडला.